दगडावरचं नाव कोणाचं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

तीनच श्लोक आहेत आणि विषय एकच, दान. भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. पहिलं सात्त्विक. देणं हे माझं कर्तव्य आहे एवढ्याच भावनेनं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि जो परतफेड करणार नाही अशाला दिलेलं. दुसरं राजस. बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून, फळावर डोळा ठेवून, किंवा देताना जीव तुटत असताना दिलेलं. तिसरं तामस. भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, आणि घेणाऱ्याला तुच्छ लेखून दिलेलं.

वाचायला सोपं आहे. पण मागच्या आठवड्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचा मेसेज आला आणि हेच तीन श्लोक मला चार दिवस पुरले. ताई लिहितात: "दादा, आमच्या सोसायटीजवळच्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. एका फरशीसाठी ठरावीक रक्कम, आणि फरशीवर देणाऱ्याचं नाव. आई म्हणते, तुझ्या पहिल्या पगारातून एक फरशी देऊ, तुझं नाव टाकू. मला ते कसंतरीच वाटतंय. नाव टाकलं की दान राजस होतं का?"

प्रश्न छोटा आहे, पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातला आहे. देवळात गेलो की पायरीवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव, घड्याळावर नाव, पाणपोईच्या टाकीवर नाव. आता तर क्यूआर कोडवर पैसे टाकले की काही ठिकाणी पडद्यावर नाव सरकत जातं. आपण हसतो. आणि आपल्या आजोबांचं नाव असलेली फरशी दिसली की थांबतो, वाकून हात लावतो. दोन्ही खरं आहे.

आधी एक गोष्ट नीट बघू. श्लोकात नावाचा उल्लेखच नाही. भगवंत बोलतात ते परतफेडीबद्दल. मग विचारायचं ते हे, की नाव ही परतफेड आहे का? याचं उत्तर पुस्तकात शोधण्याआधी मी दगडांकडे गेलो, कारण आपल्या भागात दगड बरंच बोलतात.

नेवाशाचा खांब

मी लिहितो ते गंगापूरहून. दत्ताचं गाणगापूर नव्हे हं, ते कर्नाटकात. आमचं गंगापूर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. इकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. तालुक्याच्या दक्षिणेला कायगाव आहे. तिथला पूल ओलांडला की प्रवरासंगम, आणि तिथून पुढे नेवासा. म्हणजे ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव आमच्या समोरच्या काठावरचं.

नेवाशाचा पैस खांब तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. माउलींनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, असं परंपरा मानते. आपण जातो, डोकं टेकवतो, फोटो काढतो. त्या खांबावर एक लेख कोरलेला आहे, तो मात्र फार थोडे जण बघतात. लेख संस्कृतात आहे आणि माउलींबद्दल त्यात एक अक्षर नाही. करविरेश्वर नावाच्या देवाच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे.

म्हणजे बघा. माउलींच्या आधी कोणीतरी एका देवळाला दिव्याच्या तेलापुरतं धन लावून दिलं. दिवा अखंड जळावा म्हणून ते दगडात कोरून ठेवलं. पुढे ते मूळ देऊळ राहिलं नाही, तो दिवा राहिला नाही. खांब राहिला. आणि त्याच्याशी पंधरा-सोळा वर्षांचं एक पोर टेकून बसलं आणि गीता मराठीत आली. तेल देणाऱ्याला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यानं मागितलं होतं त्यातलं काही टिकलं नाही, आणि जे झालं ते त्यानं मागितलेलं नव्हतं.

मला गीतेतलं फळ सोडणं हे असं समजतं. फळ येतं, पण ते आपण ठरवलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा ते बघायला आपण नसतो.

नाव कोरायचे कशासाठी?

आता त्या तेल देणाऱ्याला आपण लगेच अहंकारी म्हणायचं का? मला नाही वाटत. जुन्या काळी दान दगडावर कोरायचे त्याला एक व्यवहारी कारण होतं. देणारा मरून जातो. जमीन, तेल, धान्य देवळाच्या कारभाऱ्यांच्या हातात राहतं. चार पिढ्यांनी कोणी म्हणू नये की असं काही दिलंच नव्हतं, किंवा कोणी ते गिळून बसू नये, म्हणून सगळ्यांसमोर दगड. शिलाहार-यादवांच्या काळातले असे दानाचे दगड महाराष्ट्रभर सापडतात. वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो हे दान चालावं. आणि कित्येकांवर खाली गाढवाचं चित्र आणि शिवी, जो हे दान मोडेल त्याला. त्यांना गधेगाळ म्हणतात. चंद्र-सूर्य आणि शिवी एकाच दगडावर! आपले पूर्वज माणसाला चांगले ओळखून होते.

ही फक्त आपली रीत नाही. इंग्लंडमधल्या गावोगावच्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर लाकडी फळे दिसतात. अमक्यानं गावातल्या गरिबांना दर वर्षी पाव वाटायला इतके पैसे ठेवले, तमक्यानं विधवांसाठी इतके. चर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता यावं आणि ज्यांच्या हाती पैसे आहेत त्यांना गावानं जाब विचारावा, हा त्यातला उपयोग. पर्वतावरच्या प्रवचनात येशूनं शिकवलं होतं की उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नका. तरी त्याच्याच भक्तांना हिशोबासाठी नावं लिहावी लागली.

म्हणून जेव्हा देवस्थानचे विश्वस्त म्हणतात, "आम्ही नावं लावतो म्हणजे पैशाचा हिशोब सगळ्यांसमोर राहतो," तेव्हा त्यात तथ्य आहे. पण मग एक गोष्ट मी नम्रपणे विचारीन. हिशोबासाठी नाव असेल तर फळ्यावर खर्चही असायला हवा. जमा रकमेच्या यादीला संगमरवर आणि खर्चाच्या वहीला कुलूप, असं असेल तर ते नाव हिशोबासाठी राहिलेलं नाही. मग ती देणाऱ्याला दिलेली परतफेडच झाली. आणि श्लोक २१ तिथे लागू होतो.

पुण्य कोणाला?

आपल्याच जिल्ह्यात अजिंठा आहे. शाळेच्या सहलीला आपण जातो ते चित्रं बघायला. पण तिथे लेखही आहेत. पाचव्या-सहाव्या शतकातल्या काही लेखांचा साचा ठरलेला आहे. आधी दान देणाऱ्याचं नाव, बऱ्याचदा एखादा साधा भिक्षू. आणि मग एक इच्छा, की या दानातून जे पुण्य होईल ते आई-वडिलांना आणि सगळ्या जिवांना मिळो, त्यांना श्रेष्ठ ज्ञान मिळो.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ गप्प झालो होतो. नाव लिहिलंय, लपवलेलं नाही. पण पुढच्याच ओळीत पुण्य वाटून टाकलं. नावाचा उपयोग एवढाच, की हे कोण वाटतंय ते कळावं. जसं आपण लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव लिहितो, पण आतले पैसे आपले राहिलेले नसतात.

गीतेच्या याच अध्यायात दोन-तीन श्लोक पुढे गेलात तर 'ॐ तत् सत्' येतं. त्यातल्या 'तत्' या शब्दाबद्दल भगवंत सांगतात की मोक्षाची इच्छा असणारे लोक फळाची अपेक्षा न धरता यज्ञ, तप, दान करतात ते या भावनेनं. तत् म्हणजे 'ते', म्हणजे त्याचं. माझं नाही. अजिंठ्याचे ते भिक्षू वेगळ्या मार्गाचे, वेगळ्या शब्दांचे. पण त्यांच्या दुसऱ्या ओळीत मला 'तत्' दिसतं.

कन्नड तालुक्यात पितळखोरा लेणी आहेत, अजिंठ्याच्या त्या लेखांहूनही कितीतरी जुन्या. तिथल्या खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुटुंबाचं नाव आहे, दान देणारे म्हणून. आणि तिथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव आहे, कण्हदास सोनार. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देणाऱ्याचं नाव सगळीकडे सापडतं. घडवणाऱ्याचं सापडणं दुर्मीळ. वेरूळच्या कैलास लेण्याशी राष्ट्रकूट राजा कृष्ण याचं नाव जोडलं जातं. ज्यांनी छिन्नी धरली त्यातल्या एकाचं तरी नाव आपण घेतो का?

इथून माझा विचार थोडा वळला. ताईंनी विचारलं होतं की माझं नाव लिहिलं तर काय होतं. मला वाटायला लागलं, त्याच्याइतकाच मोठा प्रश्न हा आहे की कोणाचं नाव लिहिलंच जात नाही.

मोजता न आलेली माणसं

मुंबईत राहणाऱ्यांनी कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरकडे जाताना एक उंच टोकदार मनोऱ्याचं चर्च पाहिलं असेल. त्याला सगळे अफगाण चर्च म्हणतात. १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलेलं आहे. आत भिंतीवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, एकेक करून. आणि बाकीच्या सैनिकांबद्दल तिथल्या लेखाचा आशय असा आहे, की ते इतके होते की त्यांची नावं लिहिता येत नाहीत.

वाक्य आदरानं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. पण जरा आकडे बघा. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघालेल्या एकट्या तुकडीत सुमारे ४५०० सैनिक होते आणि सुमारे १२००० नोकरचाकर. त्यातले बहुतेक सगळे हिंदुस्थानी. पाणी वाहणारे, उंट हाकणारे, स्वयंपाक करणारे, आणि त्यांची बायकापोरंही. बर्फात आणि गोळ्यांखाली ती माणसं गेली. नावं खूप झाली म्हणून भिंत पुरली नाही असं आपण म्हणतो. पण भिंत कोणापासून भरायला सुरुवात करायची, हे कोणीतरी ठरवलेलंच असतं.

याच्या उलट एक दगड आपल्याकडे आहे, पुण्याजवळ कोरेगाव भीमाचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनीच उभारलेला. त्यावर साध्या शिपायांची नावं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज दर वर्षी लाखो लोक जातात. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांना एका दगडावर आपल्या माणसाचं नाव वाचायला मिळतं. त्यांना कोणी सांगावं का, की नाव म्हणजे अहंकार, नाव म्हणजे माया? माझी तरी हिंमत होणार नाही. ज्याचं नाव सगळीकडे आहे त्यानं नाव सोडणं हे वैराग्य. ज्याचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही त्याला नाव सोडायला सांगणं हा अन्याय.

पंढरीच्या दारात

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर पंढरपूरला चला.

विठ्ठलाच्या मंदिरात एक मोठा शिलालेख आहे, चौऱ्यांशीचा लेख. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात तो कोरला गेला. देवळाला कोणी काय दिलं त्याची ती यादी. यादवांचा राजा रामचंद्र आणि त्याचा कारभारी हेमाद्री पंडित यांचीही नावं त्यात आहेत. म्हणजे आजच्या भाषेत देणगीदारांचा फलक, आणि तोही राजापासून सुरू होणारा. पुढे वारकऱ्यांमध्ये समज झाला की या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. शेकडो वर्षं लोकांनी पाठ घासली आणि दगड गुळगुळीत झाला, अक्षरं झिजली.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचं वाईट वाटणार, आणि वाटायलाच हवं. असा लेख जपायलाच हवा. पण एक भक्त म्हणून मी ते चित्र मनात आणतो. राजानं दिलं म्हणून दगडावर नाव. आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, ज्यांना ते वाचताही येत नव्हतं, अशी माणसं येऊन त्या नावांवर पाठ टेकतात आणि म्हणतात, देवा, सोडव. त्या यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं. त्यांना ते नकोही होतं.

तिथेच महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. परंपरा सांगते की संतांच्या आणि भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवांनी पायरी होणं मागितलं. आज त्या पायरीवर कोणी पाय देत नाही, सगळे डोकं टेकवतात. आणि पायरीसमोर चोखोबांची समाधी. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी कशा ओळखायच्या? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती नामदेवांनी उचलली, अशी कथा आहे. बाकीच्या मजुरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण चोखोबांच्या अस्थी ओळखल्या गेल्या त्या चोखोबांच्या नावानं नव्हे, विठ्ठलाच्या नावानं.

आणि तरीही समाधी दाराबाहेर. चोखोबांच्या जातभाईंना आत जाता यावं यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं आत देणगीदारांची नावं होती आणि बाहेर माणसं उभी होती. दान सात्त्विक की राजस हे मोजताना आपण फक्त देणाऱ्याचं मन मोजतो. योग्य जागा, योग्य माणूस हेही भगवंतांनी त्याच श्लोकात सांगितलंय. ज्या दारातून सगळे आत येऊ शकत नाहीत त्या दाराला सोन्याचा पत्रा देणं, याचा हिशोब कुठे लावायचा?

संतांनी नाव का लिहिलं?

इथे कोणीतरी म्हणेल, दादा, मग संतांनी तरी प्रत्येक अभंगात स्वतःचं नाव का घातलं? खरं आहे. तुकोबा घालतात, जनाबाई घालतात, चोखोबा घालतात. त्याला मुद्रिका म्हणतात. पण जनाबाईंची मुद्रिका आठवा. त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. नावातच दुसऱ्याचं नाव आणि स्वतःची जागा सांगितलेली. आणि मुद्रिकेचं दुसरं काम जबाबदारीचं. हे जे बोललं गेलं ते माझ्या तोंडून गेलंय, चुकलं असेल तर मला विचारा. सोशल मीडियावर बिननावाच्या अकाउंटवरून काहीही लिहिणाऱ्या आपल्या काळात तर हे पटकन समजायला हवं. नाव लपवणं म्हणजे नम्रता असं दर वेळी नसतं.

आणि माउलींनी काय केलं? ज्ञानेश्वरी संपताना त्यांनी काळ सांगितला, शके १२१२. जागा सांगितली, गोदावरीचा दक्षिण काठ. राजाचं नाव सांगितलं. गुरुपरंपरा सांगितली आणि स्वतःला निवृत्तिनाथांचा म्हणून सांगितलं. आणि आणखी एक नाव घेतलं, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं. ज्यानं हातानं लिहिलं त्याचं नाव माउलींनी ग्रंथात ठेवलं. आणि फळ? पसायदानात मागितलं ते सगळ्या जगासाठी, स्वतःच्या वाट्याला काही वेगळं काढलं नाही.

मला वाटतं, ताईंच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. स्वतःचं नाव स्वतः पैसे देऊन लिहिणं आणि दुसऱ्याचं नाव कृतज्ञतेनं लिहिणं, यात फरक आहे. पहिल्यात पावती असते. दुसऱ्यात ऋण मान्य केलेलं असतं.

आमच्या घरातला बाक

हे मी उगाच लांबून बोलत नाहीये. आमच्या घरातही हाच विषय चालू आहे. गेल्या वर्षी आजोबा गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. गावातल्या मारुतीच्या देवळाजवळ, लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक द्यायचा असं ठरलं. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. बाकावर काय लिहायचं यावर मात्र तीन वेळा बैठक झाली.

मोठे काका म्हणतात, आजोबांचं नाव आणि खाली आम्हा तिघा भावांची नावं. "नाव दिसलं तर बघून दुसरा कोणी देईल." त्यांचं चूक नाही, गावात खरंच असं होतं. धाकटे काका म्हणतात, काहीच नको, देवाला माहीत आहे. आजी दोन बैठका गप्प होती. तिसऱ्या वेळी म्हणाली, "नाव घाला की. पण त्यांचं एकट्याचं कशाला? रान काय एकट्यानं केलं का त्यांनी?"

आजोबांबरोबर एक सालगडी होते. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. दर पाडव्याला साल ठरायचं आणि दर पाडव्याला मामाच ठरायचे. वीस-बावीस वर्षं. विहीर खणताना ते होते, दुष्काळात जनावरं छावणीवर घेऊन तेच गेले. आजोबांच्या आधी चार वर्षं ते वारले. त्यांचं नाव कुठे लिहिलेलं आहे? सातबाऱ्यावर नाही, घरावर नाही. आजीच्या बोलण्यानंतर बैठकीत कोणी काही बोललं नाही. अजूनही ठरलेलं नाही.

मी घरी काय म्हणणार आहे ते इथे लिहून ठेवतो. दोघांची नावं असावीत, सारख्या अक्षरांत. मामांच्या मुलांना आधी विचारावं, कारण त्यांच्या बापाचं नाव आपल्या मनानं लिहायचा हक्क आपल्याला नाही. आणि देणाऱ्यांची, म्हणजे आमची, नावं नसावीत. बाकावर बसणाऱ्याला पाठ टेकायला जागा हवी, आमच्या नावाची त्याला गरज नाही. मोठ्या काकांना हे पटेल की नाही ठाऊक नाही. नाही पटलं तर भांडण करून आणलेलं वैराग्य मला नको. श्लोक २१ मध्ये क्लेश होत होत दिलेलं दानही राजसच सांगितलंय. तेव्हा नावांवरून घर मोडून दिलेला बिननावाचा बाकही राजसच ठरेल.

ताईंना उत्तर

ताई, नाव टाकल्यानं दान आपोआप राजस होत नाही. आणि नाव न टाकल्यानं आपोआप सात्त्विकही होत नाही. "मी बघा कसं नाव टाकलं नाही," असं आपण चार जणांना सांगितलं की झालंच. देण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारून बघा.

एक, नाव मिळणार नसेल तर मी तेवढीच रक्कम देईन का? मनानं लगेच होकार दिला तर पुढे जा. मन घुटमळलं तर थोडं थांबा. घाई नाही, देऊळ तिथेच आहे.

दोन, हे नाव कोणाच्या उपयोगाचं? हिशोबाच्या, आठवणीच्या, की फक्त माझ्या?

तीन, ज्याचं नाव इथे यायला हवं पण येणार नाही, असं माझ्या आयुष्यात कोण आहे? पहिला पगार तुमचा आहे, पण तो तुमच्यापर्यंत पोहोचायला कोण कोण राबलं? फरशी द्यायचीच असेल तर आईला विचारा, कोणाचं नाव टाकूया. तिला तुमचं नाव हवंय, कारण तिचा अभिमान तुमच्यात आहे. तुम्ही तिचं नाव सुचवा, किंवा तिच्या आईचं. तो संवाद त्या फरशीपेक्षा मोठा होईल. आणि तिनं तुमचंच नाव हवं म्हणून हट्ट धरला, तर टाकू द्या. लोकांच्या पायांची धूळ त्यावर रोज पडेल. नामदेवांनी मागितलं होतं तेच आहे ते.

आजचा संकल्प

आज देवळात गेलात, किंवा ऑफिसच्या वाटेवर एखादं देऊळ लागलं, तर तिथलं कोणतंही एक नाव थांबून वाचा. फरशीवरचं, पंख्यावरचं, कुठलंही. त्या माणसाला तुम्ही ओळखत नाही. त्याच्यासाठी एकदा हरिनाम घ्या. मग डोळे मिटा आणि जिचं नाव कुठल्याच दगडावर नाही अशी एक व्यक्ती आठवा, जिच्यामुळे तुम्ही आज इथवर आलात. तिच्यासाठीही एकदा घ्या. ती हयात असेल तर संध्याकाळी फोन करा.

उद्या अध्याय १७, श्लोक २३ पासून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी.